तेलपाणी : एका सवयीचा इतिहास

मराठीत 'तेलपाणी' हा एक साधा, घरगुती जोडशब्द आहे. यंत्राची निगा राखणे, इतकाच त्याचा अर्थ. शिवणयंत्राला, पिठाच्या गिरणीला, मोटारीला तेलपाणी केले जाते. हा शब्द ज्या साच्यातून आला तो मात्र यंत्रांच्या जगातला नाही. चारापाणी, वैरणपाणी, दाणापाणी, खतपाणी या शब्दांच्या पंक्तीतच तो बसतो. म्हणजे यंत्र दारी आले तेव्हा मराठी माणसाने त्याला गोठ्यातल्या जनावराच्या शेजारी उभे केले. ज्याच्याकडून काम घ्यायचे त्याच्या तोंडाशी रोज काही नेऊन ठेवायचे आणि ठेवताना त्याच्याकडे एकदा नीट पाहायचे, हा त्यामागचा व्यवहार.

हा व्यवहार पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात कसकसा बदलत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा विचार आहे. ज्या भूमीत मोटारी निर्माण होतात, तेथे मोटार बाळगणाऱ्याचा हात मोटारीच्या पोटापासून कधी आणि का दूर गेला, हा आमचा प्रश्न आहे. आम्ही भाषा शिकवणारी माणसे असल्यामुळे तो आम्हांला प्रथम वाक्यरचनेत दिसला. एका पिढीमागचा मोटारमालक 'मी ऑइल बदलले' असे म्हणत असे. त्यानंतरचा 'मी ऑइल बदलून घेतले' असे म्हणू लागला. आजचा म्हणतो, 'गाडी ऑइल बदलायला सांगते आहे'. या तीन वाक्यांत कर्ता हळूहळू सरकत गेला आहे.

वंगण आणि एरंडेल

इतिहासाची सुरुवात मोटारीपासून करता येणार नाही. 'वंगण' हा शब्द मोटारीहून जुना आहे. बैलगाडीचे चाक ज्या आसावर फिरते, तो आस कोरडा राहिला की चाक करकरते, लाकूड व लोखंड दोन्ही झिजतात आणि बैलांवरचा भार वाढतो. म्हणून एरंडेलासारख्या घट्ट तेलात काजळी वा राख कालवून केलेले काळे वंगण गाडीखाली नळकांड्यात टांगलेले असे. चाकण ही कांद्याबटाट्याची बाजारपेठ. तेथे माल घेऊन येणाऱ्या गाडीवानाला चाकाच्या आवाजावरून वंगण सरल्याचे समजत असे. त्यासाठी वेगळे मापक नव्हते आणि त्याची गरजही नव्हती.

पुढे मोटारीच्या तेलातही हेच एरंडेल आले, हे अनेकांना ठाऊक नसते. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमध्ये वंगणतेलाची कंपनी काढली आणि १९०९ च्या सुमारास एरंडेलाचा अंश घातलेले नवे तेल मोटारी व विमानांसाठी बाजारात आणले. एरंडेलाला इंग्रजीत 'कॅस्टर' म्हणतात. त्यावरून तेलाचे नाव पडले 'कॅस्ट्रॉल'. आजही गॅरेजच्या दारावर दिसणाऱ्या या पाटीत बैलगाडीच्या नळकांड्याचा नातलग लपलेला आहे.

दुसरा टप्पा विहिरीवरच्या इंजिनाचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली आणि खडकीला तिचा कारखाना उभा राहिला. खेड्यात 'इंजिन' म्हटले की पुष्कळ काळ आगगाडीच्या आधी विहिरीवरचे डिझेल इंजिनच डोळ्यांपुढे येई. त्याच्या चेंबरमधले ऑइल पाहणे, ते काळे-पातळ झाले की बदलणे आणि थंड ठेवणारे पाणी वाहते आहे ना याकडे लक्ष देणे, ही कामे शेतकरी स्वतः करीत असे. अशा इंजिनांत बहुधा विहिरीचेच पाणी इंजिनाच्या अंगातून फिरून पिकाकडे जाई. तेल आणि पाणी या दोन्ही गोष्टी डोळ्यांदेखत होत्या.

त्यानंतर या पट्ट्याचे रूप वेगाने पालटले. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डीत बजाजचा कारखाना उभा राहिला आणि १९६६ मध्ये टेल्कोने या परिसरात पाय रोवले. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. ज्यांची शेते या विस्तारात गेली त्यांच्यापैकी काहींची मुले आयटीआय करून त्याच कारखान्यांत फिटर, टर्नर झाली. विहिरीवरच्या इंजिनाची सवय असलेले हात शॉपफ्लोअरवर आले, असे म्हणता येईल.

रविवारची सकाळ

मोटार किंवा स्कूटर घरी असणे हे १९७० आणि १९८० च्या दशकांत फार थोड्यांच्या नशिबी होते. चेतक स्कूटर १९७२ मध्ये आली आणि तिच्यासाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. ती टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइलचे माप मागणे, ते नीट मिसळले का ते पाहणे, कमी पडले तर इंजिन जाम होण्याची आणि जास्त झाले तर प्लग काळा पडून धूर येण्याची भीती, हे सारे स्कूटरमालकाच्या अंगवळणी पडलेले होते. तेलपाण्याचा पहिला धडा अनेक मध्यमवर्गीय घरांनी असा पेट्रोलपंपावर गिरवला.

मोटार म्हणजे बहुधा फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई आणि पुढे ती 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. तिचे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळत. रविवारी सकाळी बॉनेट उघडून उभा असलेला गृहस्थ आणि त्याच्या हाताखाली पाने, चिंध्या देणारे मूल हे दृश्य कंपन्यांच्या वसाहतींत नेहमीचे होते. तो काय करीत असे, हे थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

प्रथम इंजिन ऑइल. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करायचे आणि ऑइल खाली उतरावे म्हणून काही मिनिटे थांबायचे. मग डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल कोठवर आले आहे ते वाचायचे. पहिल्यांदा काढलेली पट्टी खरी मानायची नाही, कारण तिच्यावर उडालेले शिंतोडे असतात. रंगही पाहायचा. पेट्रोल गाडीत नवे ऑइल मधासारखे असते आणि वापराने तपकिरी, काळे होत जाते. डिझेल गाडीत ते लवकरच काळे पडते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे आणि बहुधा हेडचे गॅस्केट गेले आहे. बोटांच्या चिमटीत चोळून खर लागते का, हेही जाणते लोक पाहत.

दुसरे पाणी. जुना बोरघाट चढताना गाडी 'तापणे' ही नित्याची घटना होती. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे वाहणारे चालक पाण्याचा डबाही जवळ बाळगीत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, हा नियम भाजलेल्या हातांनी शिकवलेला होता. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांवरही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळता फवारा अंगावर येतो. आज 'पाणी' म्हटले तरी आत बहुधा एथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रण असते. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला 'शीतक' म्हणतात, गॅरेजात 'कूलंट'. ते इंजिन थंड असताना बाटलीवरच्या दोन रेघांमधून वाचायचे. नळाचे पाणी घातले तर क्षार साचून अरुंद वाटा बुजतात. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. सांडलेले कूलंट कुत्र्यामांजरांच्या, मुलांच्या वाटेत राहू द्यायचे नाही.

तिसरे ब्रेक ऑइल. नावात ऑइल असले तरी ते खनिज तेल नव्हे, आणि त्याच्या जागी इंजिन ऑइल घातले तर ब्रेकमधले रबर फुगून नासते. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे कोरे द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पुरेशी आर्द्रता शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता त्याला मिळाली की आत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल मऊ होऊन खाली जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून साधारणतः दोन वर्षांनी ते बदलावे लागते. पातळी अचानक उतरली तर वरून भर घालून भागत नाही, गळती शोधावी लागते.

ब्रेक ऑइल बदलण्याचे काम घरी करायचे तर दोन माणसे लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी बसून निपल सोडतो आणि आवळतो. 'पंप करा... धरा... धरून ठेवा... आता सोडा.' निपल आवळण्याआधी पेडल सोडले तर हवा आत ओढली जाते आणि सारे पुन्हा करावे लागते. आत बसलेल्याला चाक दिसत नाही, बाहेरच्याला पेडल दिसत नाही. दोघांमध्ये फक्त शब्द असतात. मुलगा आत आणि वडील बाहेर, किंवा पत्नी आत आणि पती बाहेर, अशी ही जोडी असे. घरातल्या कामात इतकी अचूक आज्ञार्थी मराठी क्वचितच बोलली जात असेल.

'बदलून घेतले'

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका. इंडिका तर याच भूमीत घडली. मोटारी अधिक विश्वासार्ह झाल्या. थंडीत घट्ट आणि उन्हात पातळ होणाऱ्या एकपदरी तेलाच्या जागी दोन्ही ऋतूंत चालणारी बहुश्रेणी तेले रूढ झाली. डब्यावरच्या '२०डब्ल्यू-५०'सारख्या आकड्यांतला 'डब्ल्यू' हा हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचा. पुढे तेले आणखी पातळ होत ०डब्ल्यू-२० पर्यंत आली. पूर्वी काही हजार किलोमीटरांवरच ऑइल बदलावे लागे. आज अनेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष ही मर्यादा असते. गाड्यांच्या स्टिअरिंगला ऑइलऐवजी विजेची मोटर आली आणि एक द्रव यादीतून वजा झाले. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणेही बहुतेक गाड्यांत संपले.

याच काळात वॉरंटीच्या अटी आल्या आणि सर्व्हिस सेंटरे काचेची झाली. मालक सोफ्यावर आणि गाडी भिंतीपलीकडे. 'बदलून घेतले' या संयुक्त क्रियापदातले 'घेतले' म्हणजे ही काचेची भिंत होय. पुढे २००० नंतरच्या दोन दशकांत काही महागड्या जर्मन मोटारींतून डिपस्टिकच नाहीशी झाली. पातळी पडद्यावर उमटते. तेथे पाहण्याची क्रियाच उरत नाही. कळवले जाणे उरते.

चाकणचा उत्कर्ष नेमका याच काळातला. बजाजचा तेथला कारखाना शतकाच्या अखेरीस आला. फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझ पिंपरीहून चाकणला गेली, पाठोपाठ महिंद्रा आली. मोटारीच्या जुळणीसाखळीवर द्रव भरण्याची पद्धत घरच्यापेक्षा अगदी वेगळी असते. ब्रेकच्या नळ्यांतली हवा पंपाने शोषून निर्वात करतात आणि मग दाबाखाली द्रव सोडतात. रविवारची अर्धी सकाळ खाणारे काम थोडक्या वेळात उरकते. आमच्या वर्गात बसणारा एक विद्यार्थी काही काळ कंत्राटी कामगार म्हणून अशा ठिकाणी उभा राहत असे. पाळीभर तो गाड्यांना द्रव जोडून देई. त्या द्रवाचा रंग, वास त्याला कधी कळला नाही, कारण ते बंद नळीतून येई आणि दिवा हिरवा झाला की गाडी पुढे जाई. त्याच्या स्वतःच्या जुन्या मोटारसायकलचे ऑइल मात्र तो खोलीबाहेर, कापलेल्या डब्यात, स्वतः काढत असे. 'सर, तिथे मी भरतो, इथे मी बदलतो', असे तो म्हणाला होता. या लेखातला कर्त्याचा प्रश्न आम्हांला त्याच्या या वाक्याने सुचला.

साडेतीन लिटर काळे ऑइल

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. रविवारच्या त्या सकाळीचे हे गौरवीकरण कशासाठी? यंत्रे कच्ची होती म्हणून ती राबणूक होती. ज्यांना फुरसत होती अशा पुरुषांचा तो छंदही होता. ज्यांच्याकडे गाडीच नव्हती त्यांना त्यात वाटा नव्हता. हे सर्व आम्हांला मान्य आहे. घाटात गाडी तापत नाही याचे दुःख कोणी करू नये. आमचा मुद्दा कष्टांविषयी नाही, त्या कष्टांबरोबर मिळणाऱ्या ज्ञानाविषयी आणि जबाबदारीविषयी आहे. तो स्वानुभवावरून स्पष्ट करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळींनी, आमच्यापैकी एकाच्या जुन्या छोट्या मोटारीचे ऑइल घरी बदलायचे ठरवले. इंजिन थोडे कोमट करून ऑइल पातळ केले, गाडीखाली केवळ जॅकवर विसंबून न शिरता भक्कम आधार दिला, ड्रेन प्लग सोडला, फिल्टर बदलला, नव्या फिल्टरच्या रबरी कडीला ऑइलचे बोट लावले, प्लगला नवा वायसर घालून मोजून ऑइल भरले. काम चोख झाले. आणि मग आमच्यापुढे साडेतीन लिटर काळे ऑइल उरले.

ते कोठे टाकायचे हे आम्हांला ठाऊक नव्हते. घंटागाडीवाल्याने डबा घेण्यास नकार दिला आणि ते योग्यच होते. सोसायटीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सहज सुचवले, 'पावसाळी गटारात सोडा, वाहून जाईल.' डबा कित्येक दिवस गच्चीत राहिला. शेवटी चौकातल्या एका गॅरेजवाल्याने तो आनंदाने ठेवून घेतला. पुढे त्याचे काय होते, असे विचारल्यावर तो म्हणाला, 'पिंपावर विकतो.' असे काळे ऑइल बांधकामाच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना लावले जाते, भट्ट्यांत जाळले जाते आणि काही वाटा रीतसर पुनःशुद्धीकरणाकडे जातो. आमचे साडेतीन लिटर यांपैकी कोठे गेले, हे आम्हांला कधीच कळणार नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देणाऱ्याला हा डबा कधी दिसतच नाही. आम्हांला तो दिसला, म्हणून गटार कोठे जाते हा प्रश्न पडला. आमच्या परिसरातली गटारे पवनेला आणि इंद्रायणीला मिळतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते एका मोटारीचे एका वेळचे वापरलेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. त्यात झिजलेल्या धातूंचे कण असतात, अर्धवट जळलेले घातक पदार्थ असतात. आळंदीला इंद्रायणीवर गेली काही वर्षे वारंवार जो पांढरा फेस दिसतो, तो मुख्यतः प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या रसायनांचा. आमच्या डब्यावर त्याचे खापर फोडणे अतिशयोक्त होईल. परंतु ज्या नदीकाठी देहू आणि आळंदी आहे, त्या नदीत डबा रिता करायचा की नाही, हा निर्णय एका सकाळी आमच्या हातात होता, हे खरे.

कायद्यानेही उशिरा का होईना याची दखल घेतली आहे. वापरलेले तेल घातक कचऱ्याच्या नियमांत येतेच. २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून वंगणतेलाच्या उत्पादकांवर ते परत मिळवून पुनःशुद्ध करण्याची वाढीव जबाबदारी टाकण्यात आली. दुसऱ्या बाजूने, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या अधिकारा'चे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने मोटारींपुरता असा कायदा २०१२ मध्येच केला होता. आमच्या मते या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. यंत्र उघडण्याचा अधिकार आणि त्यातून निघालेल्या घाणीची जबाबदारी एकाच हाताने उचलायची असते. आपण अधिकार सोडून दिला तेव्हा जबाबदारीही नकळत नजरेआड झाली.

पाहण्याची क्रिया

आता विजेच्या गाड्यांचे युग आले आहे. आकुर्डीच्या ज्या कारखान्यातून चेतक निघत असे, त्याच आवारात २०२२ पासून विजेवरची चेतक तयार होऊ लागली. तिला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याचा प्रश्नच नाही. विजेच्या मोटारीतही इंजिन ऑइल नसते. तरी कूलंट असते, कारण अनेक गाड्यांत बॅटरीला थंड ठेवावे लागते. ब्रेक ऑइल असते आणि ते पूर्वीसारखेच आर्द्रता शोषते. काच धुण्याचे पाणी असते. उलट अनेक नव्या डिझेल गाड्यांत एक द्रव वाढलेच आहे : धुरातले घातक वायू कमी करण्यासाठी शुद्ध पाण्यातले ३२.५ टक्के युरियाचे द्रावण. म्हणजे तेलपाण्याची यादी बदलते, संपत नाही.

प्रत्येकाने गाडीखाली झोपावे, असा आमचा आग्रह नाही. ब्रेकचे काम ज्याला येत नाही त्याने ते जाणत्याकडूनच करून घ्यावे. परंतु महिन्यातून एकदा, थंड इंजिनावर, बॉनेट उघडून ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल या तिन्हींच्या पातळ्या पाहण्याला पाच मिनिटे पुरतात. विद्यार्थ्याला आपण कवितेचा सारांश सांगतो आणि तो पाठ करतो. मूळ कविता मात्र त्याने वाचलेलीच नसते. पडद्यावरचा पिवळा दिवा हा असाच सारांश आहे. तो बहुधा बरोबर असतो. पण दुधाळ ऑइल, गोडसर वास, पार्किंगमध्ये पडलेला हिरवा थेंब हे त्याच्या आधी येतात आणि ते वाचणारे कोणीतरी असावे लागते.

त्या दिवशीच्या कामानंतर आम्ही एक रिकामा डबा गॅरेजवाल्याकडे कायमचा नेऊन ठेवला. आता सोसायटीत कोणी ऑइल बदलले की ते त्यात जाते. 'वाहून जाईल' असे म्हणणारे ते गृहस्थ मागच्या पावसाळ्यापूर्वी स्वतःच स्कूटरचे काळे ऑइल बाटलीत भरून घेऊन आले आणि तुमचा तो डबा कोठे आहे, असे विचारू लागले.